तपासणीच्या फायली

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. बातमी कळली तेव्हा मी धानोऱ्याच्या बाजारात वांगी निवडत होते. ऐकलं आणि निवडतच राहिले. आमचं मले-तुले कानावर पडलं की तुम्ही नाक मुरडायचात, म्हणून हे तुमच्या शुद्ध भाषेत लिहिते आहे. एवढा मान पुरे झाला.

तुम्ही मुख्याध्यापक, पण सकाळच्या बसने गडचिरोलीहून यायचात आणि चारच्या बसने परत जायचात. मधल्या वेळात शाळा आपोआप चालायची. तुमच्या अंगात जीव यायचा तो तपासणीचं पत्र आलं की. मग तुमच्या पिशवीतून कार्डशीट, स्केचपेन, चमकीची डबी निघायची आणि आठवीच्या दारात उभं राहून तुम्ही माझ्याकडे बोट करायचात. तास गणिताचा असो की विज्ञानाचा, मी उठायचे. ऑफिसात सतरंजीवर फायलींचा ढीग पडलेला असायचा आणि प्रत्येक फायलीला नवं मुखपृष्ठ हवं असायचं. पोषण आहाराला वाफाळती थाळी, माता-पालक संघाला पदर घेतलेली बाई, वृक्षारोपणाला झाड. मी मोहाचं झाड काढलं, आमच्या घरामागचं, गाठी-गाठींचं. तुम्ही म्हणालात, हे काय खोड, नारळ काढ, शोभून दिसतो. वा रे सर! चारी बाजूंनी जंगल, गावात औषधालाही नारळाचं झाड नाही, आणि तुमच्या फायलीवर समुद्रकिनारा.

तपासणीच्या दिवशी टेबलावर धुतलेली चादर घालून फायली मांडल्या जायच्या. साहेब यायचे, फार सुंदर म्हणत वरून हात फिरवायचे, गावरान कोंबडीचं जेवण व्हायचं आणि सही व्हायची. फाईल उघडलेली मी कधी पाहिली नाही. उघडली असती तर आत काय निघालं असतं ते मला ठाऊक होतं, कारण कोरे कागद मीच लावायचे. वरून कीर्तन, आतून तमाशा. तुम्हाला मात्र त्या दिवशी अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यातली एक फाईल मी जन्मात विसरणार नाही. 'गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास'. तिच्यावर मी झेंडूच्या फुलांची माळ काढली, मधोमध कंपास आणि पट्टी. ते सगळं रंगवलं गणिताच्या तासाला. भिंतीपलीकडून समीकरणं ऐकू येत आहेत, आणि मी पाकळ्या भरते आहे. जादा तास एकही झाला नाही. दहावीला माझं गणितच गेलं. मला नर्स व्हायचं होतं सर. गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई बघून मी ते लहानपणीच ठरवलं होतं. आमचं घर बाबांच्या जाळ्यावर चालायचं, तलावात मासळी लागली तर लागली. बाबा म्हणाले, झालं तेवढं बस झालं, आणि पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही. गुणपत्रिका घ्यायला आले तर तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "अभ्यासाकडे लक्ष द्यायचं होतंस पोरी." लाज म्हणून एक चीज असते. तुमच्याकडे तिची फाईलसुद्धा नव्हती. मी गुणपत्रिका घेतली आणि घरी गेले.

आता मी माझ्या मुलीच्या शाळेत खिचडी शिजवते. मागच्या आठवड्यात तांदूळ धुता धुता खिडकीतून बघते तर काय, वर्गात गणित चाललं आहे आणि माझी सातवीतली पोर व्हरांड्यात फायली पसरून बसली आहे. माझं डोकंच फिरलं. तशीच ओल्या हाताने गेले, तिच्या हातातला स्केचपेन काढला आणि तिला वर्गात नेऊन बसवलं. तिचे सर पोरसवदा आहेत, गडबडून गेले. म्हणाले, "बाई, उद्या साहेब येऊन राह्यले. पोरीले काऊन उठवलं?" मी म्हटलं, "साहेबाले वाचता येते ना? मग उघडून पाहा म्हणा फाईल." त्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावून सुनावलं, खिचडीला दुसरी बाई मिळते म्हणाले. मिळू दे. पोरीचं गणित एकदा गेलं की ते आणून देणारं कोणी मिळत नाही, हे मला तुमच्या कृपेने माहीत आहे.

संध्याकाळी पोर जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खूप समजावलं तेव्हा कुठे बोलली, "आई, सर म्हणे पुऱ्या शाळेत माह्यासारखा हात कोणाचा नाई. तू काऊन मधात आली?"

अख्ख्या शाळेत असा हात नाही, हेच तुम्ही मला म्हणाला होतात, ऑफिसात सगळ्या मास्तरांसमोर, आणि ते मी वर मुद्दाम लिहिलं नाही. तुमचा मला तिटकारा आहे, तो मरेपर्यंत राहील. पण या हातांनी मी मासळी साफ केली, चिखलात धानाची रोवणी केली, शंभर पोरांची खिचडी ढवळते, आणि आईने, बाबांनी, नवऱ्याने, कोणीही त्यांना कधी चांगलं म्हटलं नाही. म्हटलं ते तुम्हीच. तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं, की नुसतं काम काढून घ्यायला बोललात? हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर एवढं विचारायची माझी हिंमत झाली नसती.