सावलीला 'जा' म्हणा

४ नोव्हेंबर
आले एकदाची सुरतेत! शिरपूरच्या शाळेत वर्षानुवर्षं खडू झिजवले, कुणी टाळी वाजवली नाही. इथं विज्ञानाच्या खेळात नोकरी मिळालीय, आता टाळ्याच टाळ्या. मी आणि माझी सहा वर्षांची चंचल पांडेसऱ्यात पुष्पामावशीकडे उतरलोय. हॉलमध्ये द्रव नायट्रोजनचे ढग काय, हातभर लांब ठिणग्या काय! माझ्याकडे सावलीची भिंत दिलीय. तिला अंधारात चमकणारा रंग आहे. मुलं समोर उभी राहतात, मी फ्लॅश मारते, मुलं बाजूला होतात आणि त्यांच्या सावल्या दोन मिनिटं भिंतीवरच राहतात. शेवटी सावलीला 'जा' म्हणायचं, असं मालक योगेंद्रभाईंनी दोनदा बजावलं. गुजरातीतही 'जा'च, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

६ नोव्हेंबर
'जा' काही माझ्या तोंडून निघेना. निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणतं का? 'ये हं' म्हणून मोकळी झाले. दिवाळीच्या सुट्टीमुळे आज चंचलही आली होती. तिलाही उभं केलं. तिनं हात वर करून टाटा केला. तिच्या सावलीलाही मी लाडानं 'ये हं' म्हटलं.

७ नोव्हेंबर
सकाळी हॉल उघडला तर चंचलची सावली भिंतीवरच. रंग बिघडला असेल. पण काल तिचा हात वर होता. आज खाली आहे.

८ नोव्हेंबर
चंचल जेवत नाही. अंग गार लागतं. ओट्यावर उन्हात उभी केली. मावशीची सावली पडली, माझी पडली. तिची — नाही.

९ नोव्हेंबर
योगेंद्रभाईंना सांगितलं. म्हणाले, तुम्हा मराठी बायांना एवढा एक शब्द म्हणता येत नाही. तुझ्या आधी या भिंतीवर असलेल्या वैशालीनंही स्वतःच्या सावलीला 'ये' म्हटलं होतं. ती पुन्हा दिसली नाही. अजूनही 'जा' म्हण, म्हणाले. पण जाणार कोण, सावली की पोर, ते त्यांनाही सांगता येईना. मला फार भीती वाटते.

१० नोव्हेंबर, सकाळ
म्हटलं. हळूच, एकदाच.
लगेच मावशीचा फोन. चंचल दार उघडून निघाली होती, धरून ठेवलीय. आईनं जा सांगितलं, म्हणते —

दुपार
पुन्हा फोन. 'योगिता, पोर निंघी गई वं.' एवढंच, मग नुसतं रडणं.
भिंतीवर सावली लहान होत चाललीय. लांब जातेय. 'ये' म्हणते — थांबत नाही. ये ना गं —
तिनं हात वर केला. टाटा करते.
चंचल, थांब. आई येते, आई ये