लाल्याच्या गळ्यातली पुंगळी

अहो पूजाचे पप्पा,

जिवंतपणी माझं एक वाक्य पुरं ऐकलं नाही. आता कुठे पळाल? काल माझा भाऊ सुरेश जळगावच्या जेलातून सुटला. तुमच्या खुनाच्या केसमधून! सोनगीरला आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, तेव्हाच ठरवलं, की तुम्हाला कळवायचं. तिकडे पेपर येत नसेल ना.

बरे आहात ना? छातीतलं भोक बुजलं का?

सगळ्यांना चुलत पुतण्याच्या हळदीची ती संध्याकाळ आठवते. मला दुपार आठवते. वरणात मीठ जास्त झालं म्हणून वरणबट्टीचं ताट तुम्ही भरल्या मांडवात माझ्या अंगावर फेकलं. गरम होतं हो वरण! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझा सुरेश तेवढा उठला.

"दाजी, परत माझ्या बहिणीवर ताट फेकलं तर गोळी घालीन."

"जा रे साल्या! तुला गलोल तरी धरता येते का?" तुम्ही म्हणालात. मी मधे पडले तर नेहमीचंच, "तू गप बस, तुला काय कळतं?"

खरंच, मला काय कळणार! सातपुड्यापलीकडून दोन गावठी कट्टे जोडीने आणले, बैलजोडी आणावी तसे, ते तुम्ही आणि तुमच्या लाडक्या धाकट्या भावाने, दीपकने. एक तुमचा, एक भाऊजींचा. लग्न कोणाचंही असो, बँडपुढे हवेत बार काढणार तुम्ही दोघं. आणि उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या खिशात घालून घरी आणणार. कशाला? तर पोळ्याला बैलाच्या पट्ट्यात ओवायला! तुमच्या पुंगळ्या पवळ्याच्या गळ्यात, भाऊजींच्या लाल्याच्या. कोणाचा बैल जास्त वाजतो याची शर्यत. पवळ्याला तरी लाज वाटत असेल.

त्या संध्याकाळीही बार सुटले. तुम्ही नाचता नाचता बसलात, मग आडवे झालात. तोंडातून काय निघालं? "दीप्या, दीप्या..." मी डोकं मांडीवर घेतलं होतं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! दीप्या तर कधीच पळाला होता. तुम्हाला उचललं सुरेशने. पोरासोरांच्या हाती लागू नये म्हणून तुमचा कट्टाही त्यानेच उचलला. तिथेच फसला.

भाऊजी पोलिसांबरोबर परत आले ते रडत. "सुरेशने माझ्या भावाच्या हातातला कट्टा हिसकला आणि घातली गोळी. दुपारी बोललाच होता." दुसरं हत्यार? नव्हतंच म्हणे. बठ्ठा गाव, झाडून सगळा, मान डोलावत होता. पोराच्या नावाने टाहो फोडत सासूबाईंनी माझे केस धरले, "तुना भाऊनी मना आंडोरले मारी टाकं!"

तुमची कापाकापी झाली, गोळी निघाली. डॉक्टर म्हणाले, जवळून झाडली असती तर सदऱ्यावर काजळी असती, छातीवरचे केस जळले असते. तसलं काही नाही. गोळी लांबून आली. मग लॅबवाल्यांनी तुमचा कट्टा पेटीत झाडून पाहिला. पेटीत काय भरतात माहितीये? कापूस! गोळीवर नळीच्या ओरखड्यांशिवाय दुसरा ओरखडा पडू नये म्हणून. आपण जन्मभर कापूस पिकवला, आणि तुम्ही छाती पुढे केली.

कापसातली गोळी आणि तुमच्या छातीतली गोळी एका भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली. ओरखडे जुळेनात. मांडवाखाली एक पुंगळी सापडली होती, तिच्या बुडावरचा ठोकाही तुमच्या कट्ट्याचा नव्हता. पोलीस ठाण्याचे साहेब मला म्हणाले, "बाई, दुसरा कट्टा होता हे दिसतंय. पण कोणाचा? कोणी तोंड उघडत नाही."

आणि मग आला गेल्या वर्षीचा पोळा. मी लाल्याला हळद-तूप चोळत होते. मान हलवली त्याने, आणि पट्टा वाजला. माझा हात तिथेच थांबला. अहो, एक तोंड उघडं होतं की!

तशीच हळदीच्या हातांनी पाचोऱ्याला ठाण्यात गेले. म्हटलं, "साहेब, आमच्या बैलाचा जबाब घ्या."

हवालदार एवढा हसला की चहा सांडला. साहेब नाही हसले. त्याच दिवशी येऊन पट्टा घेऊन गेले. भाऊजी दारात उभे होते. तोंड तुमच्या तेराव्यालाही एवढं उतरलं नव्हतं.

लॅबच्या मॅडमनी कोर्टात नीट सांगितलं. घोडा दाबला की आतली पिन पुंगळीच्या बुडावर आपटते, तिथे खड्डा पडतो. गावठी कट्ट्याची पिन हाताने घासलेली, वाकडीतिकडी, म्हणून प्रत्येकाचा खड्डा वेगळा. मला तर पटकन कळलं. भाकरीवर बोटं उमटतात, त्यावरून आपण सांगतो ना कोणी थापली ते, तसंच! मांडवातली पुंगळी आणि लाल्याच्या गळ्यातल्या, सगळ्यांचा खड्डा एकच, कडेला सरकलेला. मग भाऊजींनी कडब्याच्या गंजीतून कट्टा काढून दिला. तोही कापसात झाडला. या वेळी ओरखडे जुळले.

"नाचताना हात खाली आला," म्हणे तुमचा दीपक. ऐकलंत? तुम्हाला कोणी नेम धरूनसुद्धा मारलं नाही हो! हात घसरला आणि तुम्ही गेलात. आणि माझ्या निर्दोष भावाला जेलात कुजू दिलं ते मात्र त्याने नेम धरून.

सुरेश वाळलाय. काल जेवताना ताट दोन्ही हातांनी धरून बसला होता, कोणी ओढून नेईल असं. तुमचं मरण मी माफ करते. ते ताट नाही.

म्हणून शब्द देते. परवाच्या पोळ्याला पहिली पुरणपोळी लाल्याला, दुसरी सुरेशला. पट्टा कोर्टात आहे, लाल्याला नवी घुंगरं आणलीत. आणि दर वर्षी पित्तरांत तुमच्यासाठी वरणबट्टी करीन, मीठ मुद्दाम जास्त घालून. ताट तुमच्या फोटोपुढे ठेवीन आणि समोरच बसून राहीन.

फेका बघू.

तुमचीच, काही न कळणारी,
मंगला