व्हेंट पाईपातलं बुरकुंड

औसा, सोमवार, दिवेलागणीची वेळ

आज गिऱ्हाइकावर, अप्पांवर ओरडलो. ओरडायलाच पाहिजे होतं. त्यांच्या घराच्या धाब्यावरची सोलरची टाकी दुपारी कण्हायला लागली म्हणून त्यांच्या सुनेनं फोन केला. मी वर जाऊन बघतो तर टाकीचं पोट फुगलेलं, अन् वाफ जायच्या उभ्या पाईपात मक्याचं बुरकुंड ठोकलेलं! दाणे काढलेलं, वर चिंधी गुंडाळलेली. आधी खाली गरम पाण्याचे नळ सोडायला लावले, मग बाजूला उभं राहून ते उपसलं. तरी फुस्सकन वाफ आली.

"अप्पा, टाकी फुटली असती तर?"

"नळ आठ दिसाला येतोय बाबा. अन् तुझा पाईप रोज दुपारी तांब्याभर पाणी सांडून राहिला. बघत बसू का?"

सत्तरीच्या माणसाला तोंडावर अडाणी म्हणालो मी. पण पाईप उघडाच पाहिजे, त्यात बदल नाही.

बुरकुंड माझ्या खिशातच राहिलं. आता समोर ठेवलंय. किती नीट तासलंय, अगदी पाईपाच्या मापाचं.

ती टाकी मीच बसवलेली. शेजारीच गार पाण्याची टाकी. पाईप उंच नेऊन तिच्या तोंडावर वाकवला असता तर वाफही कोंडली नसती, अन् थेंबही वाया गेला नसता. पाईप वळवायच्या दोन एल्बोंचं काम. मला येत होतं. मग का नाही केलं? घाई, दुसरं काय.

उद्या सकाळीच जातो. आधी अडाणी कोण ते अप्पांना सांगणार, मग पाईप वाकवणार.