गोठलेली बाटली ओतू नकोस

पैलवान,

बडीशेपेचं तेल गोठलंय, बिघडलेलं नाही. मागच्या थंडीत बाटली मोरीत रिकामी केलीस, तसा पराक्रम परत नको. कोमट पाण्यात धर, पातळ होईल. शिंपीकाका पोट चोळून घ्यायला येतील. चमचाभर तिळाच्या तेलात दोनच थेंब टाक. नुसतं लावू नकोस, आणि प्यायला मागितलं तर साफ नाही म्हण.

आजपासून मालिश तुझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी मला काही महिने या तेलाला हात लावू नको म्हणून बजावलंय. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. तुला उठवणार होते, पण सांगताना रडूच फुटलं असतं. आईकडे जाऊन येते.

तेल पातळ होईपर्यंत माळ्यावरचा पाळणा उतरव. हो, तोच. "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत इतकी वर्षं कुणाला देऊ दिला नाहीस, तो.