झाकणावर लिहिलेली नावं

ती. स्व. मावशीस,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (दुखत नाही असं कळवू नकोस, काकांनी फोनवर सगळं सांगितलंय.) मी ठीक आहे, प्रयोगशाळेतली माझी जागाही शाबूत आहे, आणि ती तुझ्यामुळे आहे, म्हणून हे पत्र.

मी काय करते हे कुणी विचारलं की तू 'किडे बघते' म्हणतेस, ते खरंच आहे. माझा किडा मिलिमीटरभर लांब. त्याच्या अंड्याची पहिली वाटणीच असमान होते, पुढची पेशी मोठी, मागची लहान. एक जनुक बाकीच्यांना 'तू पुढे, तू मागे' अशा जागा नेमून देतं (घर आवरायला सगळे जमले की तू करतेस तेच). ते बंद पाडलं तर दोन्ही पेशी सारख्याच होतात आणि अंडं पुढे वाढतच नाही. आमच्या सरांनी या एका जनुकावर अकरा वर्षं घालवली आहेत.

आणि मी भर बैठकीत सांगितलं, की जनुक बंद केलेली अंडी झकास वाढताहेत, बिघडताहेत ती धडधाकट अंडी. सरांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि पुढच्या आठवड्यातलं भाषण रद्द करू का, असं मलाच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी जेवायला बसले तर माझ्या डब्यावर मैत्रिणीचं झाकण. हातातला घास मी तसाच खाली ठेवला. तू घरी मीठमसाल्याच्या डब्यांच्या पोटावर रंगाने नावं लिहायचीस आणि आम्ही हसलो की म्हणायचीस, "झाकण काय, कुठेही बसतं गं. नाव डब्याच्या अंगावर लिहावं." मी अंडी वाढवायच्या माझ्या काचेच्या बशांची नावं झाकणांवर लिहिली होती, आणि दोन्ही बशा एकदम उघडून बघायची मला भारी हौस. तीन दिवस खपून सगळं पुन्हा केलं. जनुक सरांच्या म्हणण्याप्रमाणेच वागलं, भाषण झालं, आणि आता आम्ही सगळे बशा पालथ्या करून बुडावर नावं लिहितो. मावशी, तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझी धांदरट भाची

ता. क. प्रबंधात तुझे आभार मानलेत. सर विचारत होते, मावशी कुठल्या प्रयोगशाळेत असतात?

ता. क. २. मागच्या सुट्टीत तुझ्या डब्यांवरची ती बेढब अक्षरं खरवडून मी छान छापील चिठ्ठ्या लावल्या होत्या. कुठे लावल्या, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. काका फोनवर म्हणाले, हल्ली हिच्या हाताची चव गेली, वय झालं. मी गप्प बसले. तेव्हा आज प्रत्येक डबा चाखून बघ, नावं पुन्हा अंगावर लिही, आणि वयाचा काही संबंध नाही असं काकांना सांग. कुणाचा आहे, ते नाही सांगितलंस तरी चालेल.