सहा ग्रंथी

४ मार्च
आज लॅबमध्ये आतड्याचे तीन नमुने. तिसऱ्यानं जीव काढला — फूटभर आतडं, भोवती घट्ट पिवळी चरबी. त्या चरबीतून लसिका ग्रंथी बोटांनी चाचपून काढायच्या. सहा सापडल्या. कॅन्सर पसरलाय का ते त्यांवरूनच कळतं, निदान बारा तरी तपासायला हव्यात. दाढ ठणकत होती. ‘सहा’ लिहिलं, उरलेला नमुना बरणीत परत टाकून झाकण लावलं.

२० मार्च
लामदुअन मावशी तिच्या पेजेच्या दुकानात परत! सोंगख्लाचा अर्धा बाजार सकाळची पेज तिच्याकडे खातो, मी तर अकरा वर्षं. तीन आठवडे दिसली नव्हती. आम्हाला वाटलं लेकीकडे गेली. आज खुर्चीत बसून, पोट धरून हसत सांगते —
“आतड्याचा कॅन्सर होता! तुमच्याच हॉस्पिटलात कापला, तीन तारखेला. डॉक्टर म्हणाले, सहाच्या सहा ग्रंथी स्वच्छ. सुटले गं!”
सहा.
घास तोंडातच राहिला.
“काय गं, खारट झाली?”
“नाही मावशी.”

दुपारी
रजिस्टर पाहिलं. तीच बरणी. माझी सही.

२१ मार्च
आमच्या लॅबच्या डॉ. विपावींना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. म्हणाल्या, “रिपोर्टवर सही माझी आहे. सहा आकडा बघून मीही विचारलं नाही. बरणी आहे अजून?”
होती. चार तास चरबी चिरत बसले. आणखी अकरा निघाल्या! काही तर तांदळाच्या दाण्याएवढ्या.

२५ मार्च
डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची सोडली. “तूच बघ.”
बघितलं. नव्या अकरापैकी दोन ग्रंथींत कॅन्सर. दुसऱ्या टप्प्याचा तिसरा झाला. आता केमो हवीच, तीही लवकर. तिची जगण्याची आशाच त्यावर. आणि मी — सहावर थांबले होते!

३१ मार्च
सर्जननं मावशीला दुरुस्त रिपोर्ट सांगितला. ती दुकानात, सगळ्यांदेखत —
“परवा स्वच्छ, आज घाण! एकदा चुकलेला कागद दुसऱ्यांदा खरा कशावरून? मी नाही घेणार केमोबिमो.”
गिऱ्हाइकं माना डोलावत होती. मी खाली मान घालून पेज संपवली. शी!

३ एप्रिल
दुकान आवरायच्या वेळी गेले. ती टेबल पुसत होती.
“मावशी, त्या सहा ग्रंथी मी मोजल्या.”
फडकं थांबलं.
“दाढ दुखत होती. आणखी शोधायला हव्या होत्या, मी कंटाळले. नंतरच्या अकराही मीच काढल्या. त्या दोन वाईट मी या डोळ्यांनी बघितल्या. पहिला कागद चुकला तो माझ्यामुळे. दुसरा खरा आहे.”
तिनं फडकं बादलीत टाकलं.
“आणि हे माहीत असून माझ्यासमोर बसून खात होतीस?”
“हो.”
“जा.”
“मावशी, केमो —”
“जा म्हटलं ना!”

६ एप्रिल
केमोच्या यादीत तिचं नाव नाही. मी रोज वॉर्डात विचारते.

८ एप्रिल
सकाळी लॅबच्या दारात मावशी. हातात रिपोर्ट. “केमोचा वॉर्ड कुठला, दाखव.” नेलं. आत जाताना, मागे न बघता म्हणाली —
“माझ्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नकोस.”