गप्प बसणारी बहीण हवी

फेरीहिल, जॉर्जिया
रविवार, ९ मार्च २०१४

लाडक्या ओडेटला,
व्हर्निटाताईचे अनेक आशीर्वाद.

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. चर्चची गाडी चालवणारा रूबेन उद्या अटलांटाला येतोय, त्याच्या हाती हे देते. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि फोन आपटण्यात तू माझ्यापेक्षा चपळ.

इकडे सगळं बरं आहे. पीचची झाडं फुलली आहेत. मोहरीचा पाला यंदा इतका आलाय की वाटायला निघाले तर शेजारणी मला पाहून दार लावून घेतात. कोर्टाचंही बरं चाललंय. लाटोन्या जरा वाळली आहे, पण जेवते.

नाही गं, बरं चाललेलं नाही. सकाळपासून चार वेळा उठून चहाचं भांडं घासलं, त्यात चहा केलाच नव्हता.

जावई म्हणवणाऱ्या डॅरेलने माझ्या लेकीचा, लाटोन्याचा गळा आवळला आणि तिने हाताला लागला तो बिडाचा तवा त्याच्या तोंडावर हाणला, एवढं तुला माहीत आहे. त्याचा एक डोळा गेला. तिची वीस वर्षं जाऊ शकतात. आणि सरकारी वकील ज्युरीला काय सांगतो, ऐक : "हॉस्पिटलात धिप्पाड पेशंट उचलून पलंगावर ठेवणारी ही बाई. हिच्याकडे नीट बघा आणि सांगा, ही कुणाला घाबरेल?" उंची वाढली की गळा काय लोखंडाचा होतो? औषधवाल्याच्या गोऱ्या बायकोने नवऱ्याच्या मांडीत गोळी घातली, तेव्हा याच कोर्टाने तिला "फार सोसलं हो बिचारीने" म्हणून घरी पाठवलं. ती बिचारी, आमची दांडगी. ज्युरीतल्या बारांत आपला काळा माणूस एकच, तोही मान खाली घालून बसलेला.

शुक्रवारी पेटवेकाकूंची साक्ष होती. लाटोन्याच्या भिंतीला भिंत लागून राहतात त्या. म्हातारी म्हणाली, "पोरगी 'मम्मा, मम्मा' ओरडत होती. मग आवाजच बंद झाला." आणि तिथेच त्या अडल्या, पुढचं येईना. आता तूच सांग, आपल्या चर्चमध्ये कुणी देवाची साक्ष द्यायला उभं राहिलं आणि अडखळलं, तर त्याला कधी एकटं सोडलंय? जन्माची सवय. माझ्या तोंडून गेलं, "खरंय माय, खरंय! सांग, सांग!" मागून एस्थर आणि चर्चच्या बाकीच्या बायका हुंकारल्या. म्हातारीला धीर आला, ती पुढे बोललीसुद्धा.

पण न्यायाधीशांनी हातोडा आपटला. "ज्युरीवर दबाव आणताय?" मी समजावायला उठले, "साहेब, आम्ही चर्चमध्ये—" आणि माझं उठणंच नडलं. दोन शिपाई दोन बाजूंनी आले. सरकारी वकील ज्युरीकडे वळून म्हणाला, "आई अशी, तर लेक कशी असेल!" न्यायाधीशांनी ज्युरीला ते विसरून जायला सांगितलं. विसरले असतील हो!

तर खटला संपेपर्यंत मला आत बंदी आहे. आमच्या सगळ्याच बाकाला आहे. हे सांगायचं होतं, आणि त्यासाठी मी तुला पीचची फुलं दाखवत बसले.

गुरुवारी लाटोन्या स्वतः बोलणार आहे. ती बाकाकडे बघेल. तिथे घरचं एक तरी तोंड हवं. चार वर्षांपूर्वी आईला माती देऊन आलो त्या दिवशी तू म्हणालीस, "किती आरडाओरडा करता गं तुम्ही," आणि मी म्हटलं, "जा मग तुझ्या त्या मुक्या चर्चमध्ये." मी ते मागे घेत नाही. पण मला आज गप्प बसणारी बहीण हवी आहे, आणि तशी मला एकच आहे.

बँकेत घालतेस तसला सूट घाल. येशील ना गं?

विनवण्या करायची सवय नसलेली,
व्हर्निटा

---

अटलांटा
शनिवार, १५ मार्च २०१४

प्रिय ताईस,
नमस्कार.

ज्युरीने पोरीला दोषी ठरवलं, तो निकाल तुला कळला आहे. त्यानंतर तू मला आवारात शोधत होतीस, हे मी गाडीतून पाहिलं. उतरायची हिंमत झाली नाही. तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तू सांगितलंस तशी मी बसले. करडा सूट, पर्स मांडीवर, ओठ मिटलेले. शिपाई मला "मॅडम" म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला, ताई. कुठल्या जागी कसला अभिमान!

लाटोन्याला आपल्या त्या हॉब्स वकिलाने पढवलं होतं. आवाज चढवायचा नाही, हात हलवायचे नाहीत, डोळे वटारायचे नाहीत. पोरीने सगळं पाळलं. शाळेतल्या मुलीसारखे हात जोडून, हळू आवाजात सांगितलं तिने : त्याने कसं धरलं, डोळ्यांपुढे अंधारी कशी आली. "तेव्हा मी मम्माला हाक मारली" म्हणाली आणि थांबली. पुढचं येईना. तिने माझ्याकडे पाहिलं.

एक हुंकार पुरला असता गं. "हं" एवढाच. मी पर्सचा पट्टा मुठीत आवळून धरला आणि गप्प बसले. तिने मान वळवली आणि उरलेलं कसंबसं संपवलं.

मग सरकारी वकील उठला. मला वाटलं, आता काय बोलेल? आरडाओरडा नाही, उठणं नाही, काही नाही. तर म्हणतो कसा, "पाहिलंत? गळा आवळला म्हणते आणि डोळ्यांत टिपूस नाही. भ्यालेली बाई अशी बोलते? ही थंड डोक्याची आहे." आणि माझ्याकडे हात करून, "घरच्यांनाही काही वाटलेलं दिसत नाही."

कळलं का, ताई? तू ओरडलीस, तर आपण दांडग्या. मी गप्प बसले, तर आपण दगड. पोर रडली असती, तर नाटकी म्हणाले असते. पंचवीस वर्षं मी ऑफिसात आवाज खाली ठेवून जगले. वाटायचं, आपण नीट वागलो की ते आपल्याकडे नीट बघतील. त्यांनी बघायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मग आपण काळ्या बायकांनी समोर काहीही केलं तरी.

रडून झालं आहे. आता मुद्द्याचं. शिक्षा ४ एप्रिलला सुनावणार. त्याआधी न्यायाधीश घरच्या एका माणसाला बोलू देतात. तुला आत सोडणार नाहीत, म्हणून मी हॉब्सला माझं नाव दिलं. तो म्हणाला, "उत्तम! तुम्ही शांत आहात. हळू बोला, थोडक्यात आटपा." मी म्हटलं, "हळू बोलून पाहिलं की, साहेब. त्याने काय झालं?" त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

वीस वर्षांची दहा होतील की पाच, मला ठाऊक नाही. कदाचित माझ्या बोलण्याने काही होणार नाही. पण ती पोर पुन्हा माझ्याकडे पाहील, आणि या वेळी तिला उत्तर मिळेल.

तू एस्थरला आणि सगळ्या बायकांना घेऊन ये. दाराबाहेर उभ्या राहा. मी बाहेर ऐकू जाईल असं बोलणार आहे. माझा आवाज या कामाला नवा आहे, ताई, मध्येच अडखळेल. तेव्हा मला एकटं सोडू नकोस.

तुझी,
ओडेट